फिटनेसचा कागद

मोठ्या ऑपरेशनची तारीख पक्की व्हायच्या आधी आपल्याकडे एक कागद लागतो. सर्जन सांगतात, "फिजिशियनचं फिटनेस घेऊन या, मग बघू." रुग्णाचा मुलगा किंवा जावई फाइल काखोटीला मारून निघतो. ईसीजी होतो, टू-डी इको होतो, रक्त-लघवी होते, छातीचा फोटो होतो आणि शेवटी लेटरहेडवर एक ओळ उमटते, 'फिट फॉर सर्जरी'. डॉक्टरांना जरा शंका असली तर 'फिट अंडर हाय रिस्क'. हा दुसरा शेरा नीट वाचून पाहावा. जोखीम किती, कशाची, टेबलावरची की त्यानंतरच्या चार दिवसांतली, ती कमी करायला कोण काय करणार, यातलं त्यात काहीही नसतं. पुढे काही बरंवाईट झालं तर आम्ही आधी सांगितलं होतं, एवढंच असतं.

ऑपरेशन हृदयाचं नसलं तरी धोका हृदयाला असतो, हे खरंच आहे. भूल, रक्तस्राव, रक्तदाबाचे चढउतार, वेदना, शरीरात उठणारा दाह, रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती, या सगळ्यांचा भार शेवटी हृदयावर येतो. तो भार कोणाला झेपेल आणि कोणाला नाही, याचा अंदाज आधी बांधावा यात गैर काही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा अंदाज पास-नापासचा निकाल म्हणून वापरण्याच्या लायकीचा नाही, आणि त्याच्या जोरावर हृदयाची आगाऊ दुरुस्ती करण्याचे प्रयत्नही बहुतेक फसलेले आहेत. त्याचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे. ऑपरेशन करायचं की नाही, कोणतं आणि कधी, हे रुग्णाला ठरवता यावं यासाठी. आणि ऑपरेशननंतर कोणावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं हे ठरवण्यासाठी. नेमकी हीच दोन कामं आपल्याकडचा कागद करत नाही.

या अंदाजाला आकड्यांची शिस्त लावली ती बोस्टनमधल्या ली गोल्डमन यांनी. 1977 साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या चाळिशीपुढच्या 1001 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून नऊ गोष्टी निघाल्या आणि प्रत्येकीला गुण मिळाले. हृदयाचा तिसरा आवाज ऐकू येणं किंवा मानेची शीर फुगलेली दिसणं याला सर्वाधिक 11, सहा महिन्यांत हार्ट अटॅक आलेला असणं याला 10, सत्तरीपुढच्या वयाला 5, तातडीच्या ऑपरेशनला 4, अशी एकूण 53 गुणांची पट्टी. हृदयामुळे जे 19 मृत्यू झाले, त्यांतले 10 सर्वांत वरच्या गटातल्या अवघ्या 18 रुग्णांचे होते. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सर्वाधिक गुणांच्या त्या खुणेसाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. स्टेथोस्कोप, मानेकडे पाहणारे डोळे आणि रुग्णाजवळ काढलेली पाच मिनिटं पुरतात. आज गल्लीतल्या सेंटरवर इको होतो. मान मात्र क्वचित पाहिली जाते.

पुढे 1999 मध्ये थॉमस ली आणि गोल्डमन यांच्याच गटाने बोस्टनमधल्या 4315 रुग्णांवरून ही पट्टी सहा प्रश्नांवर आणली. (एकाचं नाव ली, दुसऱ्याचं आडनाव ली, विद्यार्थी अजून घोटाळा करतात.) ऑपरेशन पोटातलं, छातीतलं किंवा जांघेच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिनीचं आहे का? हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा आजार आहे का? हृदय कमजोर होऊन अंगात पाणी साठण्याचा इतिहास आहे का? पक्षाघात झालाय का? मधुमेहासाठी इन्सुलिन चालू आहे का? क्रिएटिनिन 2 च्या वर आहे का? प्रत्येक 'हो'ला एक गुण. पट्टी पडताळून पाहिलेल्या गटात शून्य गुणांना हृदयाच्या मोठ्या गुंतागुंतीचं प्रमाण 0.4 टक्के निघालं, एकाला 0.9, दोनाला 7 आणि तीन किंवा अधिकांना 11 टक्के. बोटांवर मोजता येणारी ही पट्टी जगभर गेली, आपल्याकडेही आली आणि भुलीआधीच्या तपासणीच्या फॉर्मवर जाऊन बसली.

आता ही पट्टी घेऊन सोलापूरच्या किंवा जळगावच्या ओपीडीत बसा. पहिली ठेच इन्सुलिनपाशी लागते. बोस्टनमध्ये इन्सुलिन चालू असणं ही मधुमेह जुना आणि मुरलेला असल्याची खूण होती. आपल्याकडे कित्येक घरांत इन्सुलिन म्हणजे 'आता शेवट आला' अशी समजूत आहे. डॉक्टर सांगून थकतात, रुग्ण पंधरा वर्षं गोळ्यांवर रेटतो, साखर तीनशेच्या खाली यायला तयार नसते. पट्टीच्या लेखी हा गृहस्थ शून्य. शेजारच्या खुर्चीवरची, वेळेवर इन्सुलिन टोचून साखर ताब्यात ठेवणारी शिक्षिका मात्र एक गुणाची धनीण. नियम कोणी चुकीचा लावलेला नाही, तरी उत्तर उलटं आलं.

दुसरी ठेच हृदयविकाराच्या इतिहासाला. ज्याचा ईसीजी आयुष्यात कधी निघालाच नाही त्याच्या फाइलमध्ये 'इतिहास नाही' असं लिहिलं जातं, आणि पट्टी त्याचा अर्थ 'आजार नाही' असा घेते. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक येण्याचं सरासरी वय 53, तर इतर देशांत जवळजवळ 59, असं 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे आपल्याकडे आजार लवकर येतो आणि त्याची नोंद उशिरा होते. क्रिएटिनिनचंही तसंच. हाडाची काडं झालेल्या, अंगावर मांस नसलेल्या म्हातारीचं क्रिएटिनिन 1.2 आलं तर रिपोर्टवर त्याला धड लाल खूणही होत नाही. प्रत्यक्षात तिचं मूत्रपिंड निम्म्याहून अधिक थकलेलं असू शकतं. शिवाय ही पट्टी ठरवून केलेल्या ऑपरेशनांवर बेतलेली होती. रात्री दोनला फुटलेल्या अल्सरसाठी पोट उघडायचं असेल तर ती लावून मिळालेला आकडा कशाचाच नसतो.

पट्टी टाकून द्यावी असा याचा अर्थ नाही. ती कोणत्या माणसांवर मोजली गेली हे ठाऊक असेल तर आपला रुग्ण त्यांच्याहून कुठे वेगळा आहे ते दिसतं, आणि अंदाज तिथे हाताने सरकवता येतो. अमेरिकन सर्जनांच्या संघटनेने 2013 मध्ये 14 लाख रुग्णांच्या नोंदींवरून जो संगणकी जोखीम-गणक आणला, त्यातही सर्जनला स्वतःच्या मतानुसार जोखीम वर सरकवण्याची सोय ठेवलेली आहे. चौदा लाख माणसं मोजूनही त्यांनी समोरच्या एका माणसासाठी जागा ठेवली, हे मला त्या यंत्रातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं.

पण माणसाचा अंदाज तरी किती भरवशाचा? भूलतज्ज्ञाचा ठरलेला प्रश्न असतो, दोन मजले न थांबता चढता येतात का? त्यामागे साधा हिशेब आहे. निवांत बसलेल्या माणसाला जितका प्राणवायू लागतो त्याच्या चौपट भार शरीर पेलत असेल तर हृदय बऱ्यापैकी धडधाकट आहे असं धरायचं. पित्ताशयातल्या खड्यांसाठी आलेल्या आजींना हा प्रश्न विचारून पाहा.

"आजी, जिना चढता का?"

"आमचं घर बैठं हाय. जिना कुठला आलाय?"

"बरं, चालताना दम लागतो?"

"दम न्हाई लागत. गुडघंच चालू देत न्हाईत, तर दम कुठनं लागंल?"

या शेवटच्या वाक्यात सगळी अडचण आली. ज्याला गुडघ्यांनी बसवून ठेवलंय त्याच्या हृदयाची परीक्षा वर्षानुवर्षं झालेलीच नसते. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, कारण तो तिथपर्यंत पोहोचतच नाही. याउलट विहिरीचं पाणी ओढणारी, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन बांधावरून येणारी बाई फॉर्मवर 'गृहिणी' म्हणून लागते आणि तिला कोणी काही विचारत नाही. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या रुग्णालयांनी 1401 रुग्णांवर ही नजरपारख तपासली. निष्कर्ष 2018 मध्ये आले. रुग्णांना प्रत्यक्ष व्यायामचाचणी करायला लावून क्षमता मोजली होती. ज्यांची क्षमता खरोखर कमी निघाली, त्यांच्यातल्या शंभरातल्या फक्त 19 जणांना डॉक्टरांनी आधी बरोबर ओळखलं होतं. त्यापेक्षा ड्यूक विद्यापीठातली बारा साध्या प्रश्नांची यादी सरस ठरली. पुढे कोणाला अटॅक येईल किंवा कोण दगावेल, याच्याशी त्या उत्तरांचा संबंध लागला. गंमत अशी की त्या यादीत गोल्फ, बोलिंग आणि टेनिसच्या डबल्सबद्दल विचारलेलं आहे. ती जशीच्या तशी मराठीत आणून कोणाचं भलं होणार नाही. गेल्या आषाढीला वारी चालत केली का, हंडा भरून आणता का, शेतातून घरी येताना चढावर थांबावं लागतं का, असे प्रश्न घालून आणि ते आपल्या रुग्णांवर पडताळून घेतले तर ते फिटनेसच्या दहा कागदांपेक्षा अधिक सांगतील.

इथवर आपण अंदाजाच्या बरोबर-चूकपणाबद्दल बोललो. त्याहून अवघड प्रश्न असा, की अंदाज बरोबर आला तरी पुढे काय करायचं? आणि इथे वैद्यकाचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही.

ज्याच्या हृदयाला धोका आहे त्याला हृदयाचा वेग कमी करणारं औषध द्यावं, म्हणजे भार हलका होईल. ऐकायला किती पटतं! 1990 च्या दशकात बीटा-ब्लॉकर गोळ्यांचे लहान लहान अभ्यास झाले, निष्कर्ष नेत्रदीपक आले. 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉन पोल्डरमन्स यांच्या गटाने अवघ्या 112 रुग्णांवरून मृत्यू आणि अटॅक कमालीचे घटल्याचं सांगितलं. या गोळ्या मार्गदर्शक तत्त्वांत गेल्या; युरोपातल्या 2009 च्या तत्त्वांची समिती तर पोल्डरमन्स यांच्याच अध्यक्षतेखाली होती. दरम्यान 2008 मध्ये पॉइझ नावाचा मोठा अभ्यास आला. भारतासह 23 देश, 8351 रुग्ण. मेटोप्रोलॉल घेतलेल्यांत हार्ट अटॅक खरंच कमी झाले, 5.7 वरून 4.2 टक्क्यांवर. पण मृत्यू 2.3 वरून 3.1 टक्क्यांवर गेले आणि पक्षाघात दुपटीने वाढले. हृदय वाचवताना माणूस गमावण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण वैद्यकात विरळा. डोस जास्त होता, ऑपरेशनच्या दिवशीच सुरू केला होता, अशी टीका झाली आणि तीत तथ्यही आहे. मग 2011 मध्ये संशोधनातल्या गैरप्रकारांवरून पोल्डरमन्स यांना रॉटरडॅमच्या इरास्मस विद्यापीठाने काढून टाकलं. त्यांचे अभ्यास बाजूला ठेवून 2014 मध्ये उरलेल्या विश्वसनीय अभ्यासांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा ऑपरेशनच्या तोंडावर ही गोळी सुरू केल्याने महिनाभरातल्या मृत्यूंची जोखीम 27 टक्क्यांनी वाढलेली दिसली. ज्यांना ती आधीपासून चालू आहे त्यांनी बंद करू नये, हा सल्ला कायम आहे. पण फिटनेस देता देता चिठ्ठीवर नवी गोळी लिहिण्याची सवय सोडायला हवी.

दुसरा मोह अँजिओप्लास्टीचा. आधी हृदयाचे ब्लॉक मोकळे करू, मग बाकीचं ऑपरेशन निर्धास्त होऊन करू. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या 510 रुग्णांवर हे तपासलं गेलं. सगळ्यांना रक्तवाहिन्यांचं मोठं ऑपरेशन व्हायचं होतं आणि सगळ्यांच्या हृदयात ब्लॉक होते. निम्म्यांची आधी बायपास किंवा अँजिओप्लास्टी केली, निम्म्यांची नाही. 2004 मध्ये निकाल आला. सुमारे पावणेतीन वर्षांनी एका गटातले 22 टक्के दगावले होते, दुसऱ्यातले 23. स्टेंट घातला की दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू होतात, त्या मध्येच थांबवल्या तर स्टेंट बंद पडण्याची भीती, म्हणून मूळ ऑपरेशन काही महिने लांबणीवर. कॅन्सरची गाठ तेवढे महिने थांबते का? ज्याला मुळातच छातीत दुखतंय, ज्याचा आजार स्वतःहून उपचार मागतोय, त्याची गोष्ट वेगळी. केवळ फिटनेसचा शिक्का मिळावा म्हणून अँजिओग्राफीच्या टेबलावर गेलेल्या माणसाच्या पदरात बहुतेक वेळा बिलाखेरीज काही पडत नाही.

तपासण्यांचीही गत तीच. मोतीबिंदूकडे पाहा. डोळ्यातलं धूसर झालेलं भिंग काढताना हृदयावर जवळपास काहीच भार येत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या 19 हजारांहून अधिक मोतीबिंदू ऑपरेशनांमध्ये अर्ध्यांच्या आधी नेहमीच्या तपासण्या केल्या, अर्ध्यांच्या केल्या नाहीत. दोन्ही गटांत त्रासाचं प्रमाण हजारी 31.3. दशांश चिन्हापर्यंत सारखं! हे 2000 सालापासून छापील आहे. तरी आजही तालुक्याच्या गावातला शेतकरी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इकोची रांग धरून उभा दिसतो.

खुब्याचं हाड मोडलेल्यांची कथा उलट्या बाजूची. तिथे थांबणंच महागात पडतं. वेदना, अंथरूण, छातीत साचणारा कफ, भ्रम. गावात इकोचं यंत्र नसतं, हृदयरोगतज्ज्ञ मंगळवारीच येतात, म्हणून पंच्याहत्तरीचे आजोबा चार-चार दिवस पायाला वजन लटकवून पडून राहतात. 2020 च्या हिप अटॅक अभ्यासात 17 देशांतले 2970 रुग्ण होते, भारतातलेही होते. निदानानंतर साधारण सहा तासांत ऑपरेशन झालेल्यांत आणि चोवीस तासांत झालेल्यांत मृत्यूंचं प्रमाण सारखंच राहिलं. लवकर झालेल्यांत भ्रम कमी झाला आणि माणसं लवकर उभी राहिली. लगबगीने केलं म्हणून कोणी जास्त दगावलं नाही, हे ध्यानात घ्यावं. अशा आजोबांच्या बाबतीत इकोचा रिपोर्ट काहीही आला तरी ऑपरेशन करायचंच असतं. मग त्याची वाट कशासाठी पाहायची?

यावर डॉक्टर जे म्हणतात ते मी अनेकदा ऐकलं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. उद्या रुग्ण दगावला तर पहिला प्रश्न येतो, "इको का नाही केला?" प्रश्न नातेवाईक विचारतात, वकील विचारतात, कधी जमाव विचारतो. रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला 2010 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. अशा वातावरणात कागद हे कवच होणारच. पण हे कवच जिथे उपयोगी पडायला हवं त्या कोर्टानेच काय सांगितलंय? समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात 2008 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की रुग्णाला उपचाराचं स्वरूप, फायदे, पर्याय आणि मोठे धोके समजतील एवढी माहिती द्यायला हवी; आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान रुग्णाच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमती ही संमती नव्हे. आपल्याकडे घडतं काय? 'हाय रिस्क'ची गोष्ट मुलाला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन सांगितली जाते. सही मुलगा करतो. वर म्हणतो, "डॉक्टर, बाबांना काही बोलू नका, घाबरतील." ज्याचं हृदय, तो सोडून सगळ्यांना आकडा ठाऊक.

बाबांना सांगायला काय हरकत आहे? 'तुमच्यासारख्या शंभर जणांचं हे हर्नियाचं ऑपरेशन केलं तर साधारण दहा जणांच्या हृदयाला काही ना काही त्रास होतो, नव्वद जणांना होत नाही. तुम्ही कोणत्या बाजूला जाल हे मला सांगता येणार नाही. हर्नियाचा त्रास सोसवत असेल तर थांबता येईल. करायचंच असेल तर पूर्ण भूल टाळून तेवढा भाग बधिर करून करता येईल.' ज्या माणसाने पन्नास पावसाळ्यांचे अंदाज बांधून पेरण्या केल्या, त्याला शंभरातले दहा कळत नाहीत असं समजणं हा त्याचा अपमान आहे. काही जण ऐकून म्हणतील, नको मला ऑपरेशन. तो निर्णयही अंदाजाचंच फळ असेल.

आणि आकडा सांगताना तो किती डळमळीत आहे तेही सांगावं. ज्या शून्य गुणांना 1999 मध्ये 0.4 टक्के धोका होता, त्याच शून्याला कॅनडाच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या 2017 च्या मार्गदर्शनात 3.9 टक्के धोका लिहिला आहे. जवळपास दहापट. माणसांची हृदयं अठरा वर्षांत दहापट बिघडली नाहीत. नंतरच्या अभ्यासांत ऑपरेशननंतर ट्रोपोनिन या रक्ततपासणीने हृदयाची इजा मुद्दाम शोधली गेली, आणि वेगवेगळ्या प्रकारचे रुग्ण मोजले गेले. शोधलं, म्हणून सापडलं.

या शोधाने सगळ्या प्रश्नाचं तोंडच फिरवलं आहे. व्हिजन नावाच्या अभ्यासात 45 वर्षांपुढच्या 21,842 रुग्णांचं ट्रोपोनिन ऑपरेशननंतर तपासलं. निष्कर्ष 2017 मध्ये आले. सुमारे 18 टक्क्यांच्या हृदयाच्या स्नायूला इजा झालेली होती आणि त्यांच्यातल्या 93 टक्के लोकांना छातीत दुखणं, दम लागणं असं काहीच झालं नव्हतं. होणार कसं? वेदनाशामकं चालू असतात, रुग्ण गुंगीत असतो, टाक्यांच्या दुखण्यात छातीचं दुखणं हरवतं. पण अशा मूक इजेनंतर महिनाभरात मृत्यू येण्याची शक्यता वाढते. कॅनडाची शिफारस म्हणून अशी आहे की 65 च्या पुढचे, हृदयविकार असलेले किंवा पट्टीवर एक तरी गुण असलेले यांची आधी एक रक्ततपासणी करावी, तिचा आकडा वाढलेला असेल तर ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस रोज ट्रोपोनिन पाहावं, आणि इजा दिसली तर ॲस्पिरिन आणि स्टॅटिन सुरू करावं. ऑपरेशनआधी सरसकट इको किंवा स्ट्रेस टेस्ट करू नये, असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडचा खर्च याच्या नेमका उलटा वाहतो. आधीच्या आठवड्यात पैसे आणि माणसं दोन्ही राबतात. ऑपरेशन पार पडलं, रुग्ण वॉर्डात आला, डोळे उघडले, की 'देवाच्या कृपेने सुटलो' म्हणून सगळे सैलावतात. घात होतो तो बहुधा त्यानंतरच्या दोन दिवसांत, आणि तेव्हा चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला दोन सिस्टर असतात. फिटनेस देणारे फिजिशियन तर रुग्णाला पुन्हा पाहतही नाहीत, कारण त्यांचं काम कागदावर सही झाली तेव्हाच संपलेलं असतं. 'हाय रिस्क' लिहिणाऱ्याने त्याच कागदावर ऑपरेशननंतर काय, किती दिवस आणि कोणी तपासायचं हे लिहावं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः एक फेरी मारावी, एवढा नियम एखाद्या रुग्णालयाने केला तरी पुष्कळ फरक पडेल. यंत्र एकही विकत घ्यावं लागणार नाही.

व्हिजनसारख्या अभ्यासांत रुग्ण घरी गेल्यावरही तिसाव्या दिवसापर्यंत त्याचा माग ठेवला गेला. आपल्याकडे डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की नोंद संपते. बाराव्या दिवशी घरी छातीत कळ येऊन गेलेला माणूस ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाच्या हिशेबात 'सुधारून घरी' असाच राहतो. त्यामुळे पुढच्या रुग्णाला 'तुमच्यासारख्या शंभरातले किती' हे सांगायची वेळ आली की आपल्याला बोस्टनच्या शंभर जणांकडेच पाहावं लागतं. तिसाव्या दिवशी एक फोन करायला रुग्णालयातल्या एखाद्या कारकुनाची अर्ध्या दिवसाची नेमणूक पुरेल. सुरुवात एकाच ऑपरेशनपासून करावी, खुब्याच्या हाडापासून करावी, आणि आलेला आकडा, चांगला-वाईट जसा असेल तसा, भुलीआधीच्या तपासणीच्या खोलीत भिंतीवर लावावा.